अकोल्याच्या अंगणात भूमध्य समुद्र

पुण्याहून अकोल्याला निघताना माझ्याकडे एक बॅग कपड्यांची होती आणि दोन बॅगा मूर्खपणाच्या. त्या दोन बॅगांत निळ्या फरशीचे नमुने, पांढऱ्या खडीच्या थैल्या आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली रोझमेरीची चार रोपं होती. मी लोकांना बागा आखून देते. पाच वर्षांपूर्वी सगळ्यांना जपानी बाग हवी होती, तेव्हा मी बांबू आणि गुळगुळीत गोटे विकले. त्याआधी लॉनचं वेड होतं. आता पाळी भूमध्य समुद्राची होती. इटली, ग्रीस आणि स्पेन यांच्या बागांत नेमका काय फरक आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं नव्हतं. पांढरी खडी, मातीच्या मोठाल्या कुंड्या, निळा बाक, मांडवावर बोगनवेल आणि एक-दोन संत्र्याची झाडं एवढं जमलं की आम्ही तिला मेडिटेरेनियन बाग म्हणायचो आणि पैसे घ्यायचो.

ती वर्षं अशी होती की वऱ्हाडाचं नाव पेपरात एकाच कारणासाठी यायचं. गाडीत माझ्या समोरच्या बाकावर कुठल्याशा पाहणी समितीतले दोन गृहस्थ होते. मांडीवर फायली, फायलींवर डबा, आणि डब्यातल्या पुऱ्या खाताखाता कापसावर चर्चा. त्यातल्या एकाने मला विचारलं, "आपणही शेतीच्याच कामासाठी का?" मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं." गृहस्थ समाधानाने मान डोलावून पुढच्या पुरीकडे वळले. समित्या येतात, जीपमधून फिरतात, जेवतात आणि परत जातात, असं मी मनातल्या मनात त्यांना बरंच ऐकवलं. माझाही कार्यक्रम अगदी तोच होता, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

सकाळी अकोला स्टेशनवर डॉक्टर खंडारे स्वतः गाडी घेऊन आले होते. हे दातांचे डॉक्टर, पन्नाशीचे, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघणारे. त्यांच्या पत्नी सुनंदाताई कॉलेजात शिकवतात. दोघांनी मागच्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांत युरोपातले सात देश उरकले होते. तिथल्या कुठल्याशा अंगणाचा एक फोटो त्यांनी मोठा करून दिवाणखान्यात लावला होता. त्यात निळा दरवाजा, वेताची खुर्ची, खुर्चीत झोपलेलं मांजर आणि फळांनी लगडलेलं संत्र्याचं झाड होतं.

"मला अशी रिलॅक्स्ड बाग पाहिजे," सुनंदाताई म्हणाल्या.

मी घर पाहिलं. डॉक्टर सकाळी नऊला दवाखान्यात जातात ते रात्री नऊला येतात. सुनंदाताईंचं कॉलेज, मग क्लास, मग पेपर तपासणं. मुलगी बंगलोरला. त्या घरात निवांत बसणारा प्राणी म्हणजे गेटवरचा वॉचमन, आणि त्याला खुर्चीसुद्धा प्लास्टिकची दिलेली. रिलॅक्स्ड बाग कोणासाठी, हे मी विचारलं नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आमच्या धंद्यात दुसऱ्यांदा बोलावत नाहीत.

घरामागची जागा छान होती. शेवगा, कढीपत्ता, एक पेरू, वांग्याची दहाबारा झाडं आणि सांबाराचा (कोथिंबिरीचा) वाफा. माती काळीभोर. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत चप्पल अडकते; तिच्यावर फरशी बसवली तर दोन वर्षांत उखडते. शेवगा तोडून ही माती दोन फूट काढावी आणि खाली मुरूम भरावा लागेल, असं मी सांगितलं. लोक जिच्यासाठी जीव टाकतात ती जमीन खणून फेकायची आणि तिच्या जागी दगड आणून ओतायचे, हा माझा व्यावसायिक सल्ला होता. डॉक्टरांना तो फार पटला.

"आणि भाजीचा वाफा?" मी विचारलं.

"काढून टाका. सांबार काय, बाजारात मिळते," डॉक्टर म्हणाले. "पण मॅडम, संत्र्याची झाडं मोठी पाहिजेत. कलमं नको. एप्रिलमध्ये मुलीचं साक्षगंध (साखरपुडा) आहे. तेव्हा झाडावर संत्री दिसली पाहिजेत."

"एप्रिलमध्ये संत्री पिकत नाहीत. लिंबाएवढी आणि हिरवी असतात."

"हिरवी चालतील. फोटोत नंतर पिवळी करता येतात."

मोठी झाडं कुठून आणायची ते डॉक्टरांनी आधीच ठरवलं होतं. त्यांच्या एका पेशंटचा शेंदूरजनाघाटला संत्र्याचा बगीचा होता. हे मनोहरराव मांडीचं हाड मोडून अमरावतीला मुलाकडे पडून होते. मुलाचं, प्रशांतचं, अमरावतीत फरशांचं दुकान. त्याने फोनवर सांगून टाकलं होतं की बगीचा नाहीतरी काढायचाच आहे, हवी ती सहा झाडं मुळासकट न्या. मी जाऊन झाडं निवडायची, एवढंच काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाई जीप घेऊन आले. हे साठीचे, शेंदूरजनाघाटचेच. संत्र्याची कलमं बांधायचा त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि डॉक्टरांनी नुकतीच बसवलेली कवळी अजून तोंडात नीट रुळायची होती. बोलताना मध्येच थांबून ती जिभेने जागेवर बसवायचे. अमरावती मागे पडली, मोर्शी आलं, आणि रस्त्याच्या कडेला तोडलेल्या झाडांचे ढीग दिसू लागले. मला वाटलं, सरपणाची वखार असेल.

"संत्र्याचे झाडं आहेत मॅडम," रशीदभाई म्हणाले. "बोअर आटले. पाचशे फूट खाली गेले तरी नुसती माती उडते. मंग का करन माणूस? तोडून टाकते."

"पण अशी लहान मुलांसारखी वाढवलेली झाडं तोडवतात तरी कशी?" मी विचारलं. ज्या बाईने आदल्याच दिवशी शेंगांवर आलेला शेवगा तोडायला सांगितला होता, तिचा हा प्रश्न होता. रशीदभाईंनी कवळी जागेवर बसवली आणि गिअर बदलला.

शेंदूरजनाघाट सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गाव येण्याआधीच रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या पिशव्यांतल्या कलमांच्या रांगा लागतात. रशीदभाईंनी आपल्या रोपवाटिकेत गाडी थांबवून मला एक कलम दाखवलं. रानलिंबाच्या खुंटावर संत्र्याचा एक डोळा बसवतात, पट्टी बांधतात आणि वाट पाहतात. ते फार बारकाईने सांगत होते आणि मी "हो, हो, माहीत आहे" म्हणत होते. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. पण 'बगीच्याच्या मॅडम' म्हणून त्यांनी तिथल्या चार माणसांशी माझी ओळख करून दिली होती, आणि मॅडमने अडाणी दिसायचं नसतं.

मनोहररावांचा बगीचा गावापासून दोन किलोमीटरवर होता. एकशे चाळीस झाडं, मध्ये विहीर, विहिरीवर मोटर. बगीचा त्यांची मुलगी वैशाली बघते, असं रशीदभाईंनी सांगितलं. ती तिथे नव्हती. शेणखत आणायला बैलगाडी घेऊन गावात गेली होती. "तुमी पाहा झाडं, म्या तिले घेऊन येतो," म्हणून रशीदभाई निघून गेले आणि मी बगीच्यात एकटी उरले.

झाडांकडे बघून माझं डोकं फिरलं. पानं गुंडाळलेली, निस्तेज, झाडाखाली गळलेल्या पानांचा थर. माती हाताला कडक लागत होती. खोडांभोवतीची आळी सुरेख ओढून ठेवलेली, पण कोरडीठाक. मी विहिरीत डोकावले तर तळाशी चांगलं पुरुष-दीड पुरुष खोल पाणी. स्टार्टरच्या पेटीवर लाल दिवा लागलेला, म्हणजे लाइनही होती. विहिरीत पाणी, मोटर तयार, वीज आहे, आणि झाडं तहानेने मरतायत. मला त्या न पाहिलेल्या मुलीचा असा काही संताप आला की विचारू नका. पेपरात इतकी वर्षं वाचलेलं सगळं मला एका क्षणात कळल्यासारखं वाटलं. आळस, दुसरं काय. शिवाय कोरड्या जमिनीतून झाड उपटलं तर मुळांची माती सुटते, तेव्हा झाडं न्यायची तर आधी भिजवायलाच हवीत, हे शास्त्रही मला पाठ होतं. मी पेटी उघडली आणि हिरवं बटण दाबलं.

पाणी पाटातून आळ्यांत जाऊ लागलं. मी साडी खोचली, एक फावडं सापडलं ते घेतलं आणि एकेक आळं भरत गेले. चाळीसेक झाडं झाली. खरं सांगते, इतका आनंद मला कित्येक वर्षांत कुठल्या बागेने दिला नव्हता. मोटर घशात हवा अडकल्यासारखी आवाज करू लागली तेव्हाच बैलगाडी बांधावर आली.

खताच्या ढिगावर एक पंचविशीची मुलगी बसली होती. डोक्याला ओढणी, पायांत पुरुषी बूट. ती गाडीतून उतरली, सरळ पेटीकडे गेली आणि मोटर बंद केली. रशीदभाई मागे उभे होते. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"मोटर कोनं सुरू केली?" तिने विचारलं.

"मी," मी म्हटलं. आवाजात अजून फुशारकीच होती. "झाडं अगदी माना टाकून होती. बघ, संध्याकाळपर्यंत कशी टवटवीत होतील."

"किती वेळ झाला?"

"झाले असतील दोन तास."

ती विहिरीपाशी गेली, आत बघितलं. मग एका आळ्याशी बसून खुरपीने माती उकरली आणि ओल कुठवर गेली ते बोटाने मोजलं. दुसऱ्या आळ्याशी बसली, तिथेही मोजलं. नंतर उठली.

"मॅडम, बगीचा ताणावर होता."

आता हे पुण्यातल्या वाचकांसाठी सांगायला हवं, कारण मलाही ते तिथे चिखलात उभं राहून ऐकावं लागलं. संत्र्याला बहार यायचा तर थंडीत त्याचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना थेंबही देत नाहीत. पानं मलूल होतात, गळतात. झाड मरतंय असं वाटतं, पण मुद्दाम तसं वाटेपर्यंत थांबायचं असतं. मग नेमक्या दिवशी खत आणि पाणी दिलं की झाड फुलांनी भरतं. हा आंबिया बहार. तो दिवस ठरवणं हीच बगीचेवाल्याची सगळी अक्कल. माझ्या पदविकेच्या वहीत याबद्दल एक ओळ होती. मी ती परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

"अजून दहा दिवस पाह्यजे होते," वैशाली म्हणाली. "आता या झाडाईले फुलं नाई येत. नुसती नवती (कोवळी पालवी) फुटन."

"पण ही चाळीसच ना? बाकीची शंभर तर..."

"त्याईले पानी कुठून देऊ? एका पान्यापुरतंच पानी होतं हिरीत. दीड महिना झाला, साठवून राहिली होती."

रशीदभाई हळूच म्हणाले, "म्या समजलो तुमाले मालूम असन. बगीच्याच्या मॅडम आहेत म्हणून एकटं सोडलं."

मी का आले होते ते सांगितल्यावर तिला झाडं न्यायची गोष्टही पहिल्यांदाच कळली. भावाने तिला विचारलं नव्हतं. ती बांधावर बसली. "बाबानं मले एक बहार देल्ला," ती म्हणाली. "भाऊ म्हने, बाईच्या हातून ताण जमत नाई, आताच काढून टाका अन् सोयाबीन पेरा. बाबा म्हने, एक बहार पाहू. हा आला तं बगीचा रायते. नाई आला तं भाऊ जेसीबी लावते."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांची वाट पाहत होते. तिने गाडीतून फडकं काढलं, भाकर, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "जेवून घ्या. पाहुन्यानं उपाशी जाऊ नाई." ते तिचं स्वतःचं जेवण होतं. भरीत इतकं चांगलं होतं की मला स्वतःचा आणखी राग आला. मी सगळं खाल्लं.

"एक काम करसान का?" ती नंतर म्हणाली. "बाबाले जाऊन तुमीच सांगा. म्या सांगतलं तं त्याईले वाटन, हिनंच गलती केली अन् दुसऱ्यावर ढकलली."

हे काम करायला मी एका पायावर तयार होते. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही अमरावतीला प्रशांतच्या घरी पोचलो. मनोहरराव खाटेवर, पाय उशीवर. सुकलेला उंच माणूस. प्रशांतने मी बूड टेकण्याआधीच विचारलं, "झाडं पसंत पडले ना मॅडम?" मी त्याच्याकडे लक्ष न देता म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी मूर्ख आहे, हेही सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "कोनत्या वळी (ओळी)?"

"विहिरीकडच्या. पहिल्या चार."

"चांगल्या वळी होत्या," ते म्हणाले. "पेटीले कुलूप होतं का?"

"नव्हतं."

"हं."

"पण चूक माझी आहे," मी म्हटलं. "वैशालीची नाही. ती तिथे नव्हतीसुद्धा."

"तेच म्हनतो मी, बाई. ती तथी नव्हती. ताणावरचा बगीचा, अन् पेटी उघडी टाकून गेली."

"अहो, कुलूप नव्हतं म्हणून कोणी दुसऱ्याची मोटर चालू करतं का? मी केली. माझी अक्कल गहाण पडली होती."

मनोहररावांनी हात वर केला. आवाजात राग नव्हता, उलट मला धीर द्यावा तसे ते बोलले. "तुमी पाहुन्या. पाहुन्याले का मालूम आमचं? पाहुन्याची गलती नसते, बाई. घरच्यानं सांभायलं पाह्यजे." मग मुलाकडे वळून म्हणाले, "प्रशांत, ताईले चहा सांग. अन् गिला वडा आन कोपऱ्यावरून."

मी भांडले. आवाज चढवला. पुण्यात असा आवाज चढवला की माणसं एकतर उलट भांडतात किंवा ऐकतात. इथे दोन्ही झालं नाही. मी जितकी चूक अंगावर घेत होते तितकी ती पाहुणीचा मोठेपणा म्हणून माझ्या अंगावरून उतरवली जात होती आणि तिकडे बगीच्यात खत पसरणाऱ्या मुलीच्या अंगावर जाऊन पडत होती. प्रशांत मधूनमधून "तुमी कायले टेन्शन घेता मॅडम" म्हणत होता. तो मनापासून खूश होता. मग गिला वडा (दह्यात भिजवलेला, वर तिखट चटणी घातलेला वडा) आला. मी तो खाल्ला नाही, तेव्हा म्हाताऱ्याने काळजीने विचारलं की तिखट झाला का.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतले. मुरूम भरायची, फरशीची, मांडवाची कामं मी फोनवरून करून घेतली. भूमध्य समुद्र फोनवरूनही आणता येतो. फेब्रुवारीच्या शेवटी रशीदभाईंचा फोन आला. विहिरीकडच्या चार वळी हिरव्यागार झाल्या होत्या, एकही फूल नव्हतं. बाकीच्यांना थोडी कळी आली, पण पाण्याअभावी गळाली. प्रशांतने जेसीबी सांगितला होता. सहा झाडं डॉक्टरांसाठी बाजूला ठेवली होती.

ती झाडं मार्चअखेर अकोल्याला आली तेव्हा मी तिथे होते. ट्रकमध्ये झाडांशेजारी वैशाली बसली होती. मुळांची माती गोणपाटात तिनेच बांधली होती, कारण जेसीबीवाल्याने ती नुसती ओढून काढली असती. सहाही झाडं तिने खड्ड्यांत उतरवली आणि माती दाबली. ती आमच्या बागेकडे फारशी बघत नव्हती. पांढरी खडी मी खोडापर्यंत नेलेली होती, तिथे मात्र थांबली.

"हे गोटे झाडाजवळून काढा, मॅडम. उन्हायात तापतीन, मुया भाजतीन."

मी खाली बसून हाताने खडी काढू लागले. तीही शेजारी बसली. सुनंदाताई आतून चहा घेऊन आल्या, तिला आग्रहाने बिस्किटं दिली आणि निळ्या बाकावर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"अमरावतीले जातो. भावाकडं. बाबाले पाहाले कोनी पाह्यजे ना."

साक्षगंध झोकात झालं, असं कळलं. झाडांना फळ नव्हतं, तर डॉक्टरांनी बाजारातली संत्री दोऱ्याने बांधली. मे महिन्यात सहापैकी दोन झाडं वाळली. पण फोटो एप्रिलमधले होते, आणि ते एका मासिकात माझ्या नावानिशी छापून आले. त्यानंतर मला तशाच तीन बागांची कामं मिळाली.

परत आल्यावर लोक हमखास विचारतात, वऱ्हाडातली माणसं कशी आहेत? फटकळ असतात म्हणे, बोलायला फार तिखट. मी त्यांना खरं तेच सांगते. दोनदा गेले, एका मुलीचा बगीचा बुडवून आले, आणि त्या सगळ्या मुलखात मला कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही.